यंत्राचा शब्द आणि त्याचें निदान

भामरागड हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील टोकाला आहे. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमापाशीं वसलेलें हें तालुक्याचें ठिकाण पूर्वीं चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. 26 ऑगस्ट 1982 रोजीं त्या जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हांपासून तें गडचिरोलींत मोडतें. आलापल्लीहून तेथें जाणारी वाट साठ-पासष्ट किलोमीटरांची असून तिचा बराचसा भाग सागवानाच्या अरण्यांतून जातो. वाटेंत वस्ती विरळ, दुकान त्याहूनहि विरळ. 2019 च्या पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें हें गांव अनेकदां बाहेरच्या जगापासून तुटलें होतें.

अशा मुलखांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु नव्हे. शिक्षक तिच्यावरून शाळेंत जातो, परिचारिका तिच्यावरून लसीची पेटी नेते, आणि आंतल्या पाड्यावरील आजारी मनुष्य खाटेवर घालून नाल्यापार आणला म्हणजे तेथून पुढें कित्येकदां त्याला दोघांच्या मध्यें बसवून मोटारसायकलीवरूनच दवाखान्याकडे नेतात. हेमलकसा येथें 1973 सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तेथें दवाखाना व शाळा चालविली. या कार्यासाठीं 2008 सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथवर जो रुग्ण वेळेवर पोंचतो तो पुष्कळदां कोणाच्या तरी दुचाकीच्या कृपेनें पोंचतो. ती दुचाकी अर्ध्या वाटेंत मुकी झाली तर काय होईल, हें सांगावयास नकोच.

हा विषय सुचण्यास कारण असें झालें कीं, आमच्या पुतण्याची नेमणूक भामरागड तालुक्यांतील एका शाळेवर झाली. नवी गाडी घेण्याइतकी पुंजी त्याच्यापाशीं नव्हती. म्हणून त्यानें चंद्रपुरांत एक जुनी, शंभर सी.सी.ची मोटारसायकल विकत घेतली. गाडी घरीं आली, वहिनींनीं तिला हळदकुंकू लावलें, नारळ वाढविला. आणि चौथ्या दिवशीं तिच्या पोटांतून एक चमत्कारिक खळखळ ऐकूं येऊं लागली.

एकत्र कुटुंबांत वैद्यांना तोटा नसतो. थोरले बंधु म्हणाले, “ऑईल कमी असेल.” एका भाच्यानें पेट्रोलला दोष दिला. शेजारच्या गृहस्थांनीं, “जुन्या गाडीला आवाज असायचाच, तिकडे लक्ष देऊं नये,” असा वेदान्त सांगितला. वहिनी तेवढ्या स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाल्या, “भावजी, जात्याचा खुंटा ढिला झाला म्हणजेहि तें असेंच वाजतें. पण आवाज दळतांना येतो कीं जातें रिकामें फिरतांना, तें आधीं पाहा.”

शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर सर्वांत मोलाचें वाक्य हेंच होतें. बाकीच्यांनीं उत्तरें दिलीं. वहिनींनीं प्रश्न विचारला. आणि निदानाची सुरुवात प्रश्नापासून होते.

कानाची विद्या

आवाजावरून आंतील अवस्था ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. बाजारांत मडकें घेणारी बाई तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहते; खणखणीत वाजलें तर घेते, भद्द वाजलें तर खालीं ठेवते. आगगाडी स्थानकांत उभी असतां रेल्वेचा मनुष्य चाकांवर हातोडी मारीत जाई, तेंहि त्यासाठींच. तडा गेलेलें चाक स्वच्छ नाद देत नाहीं. आमच्या आयुर्वेदांत योगरत्नाकरानें सांगितलेल्या अष्टविध परीक्षेंत नाडी, जिह्वा इत्यादींबरोबर ‘शब्द’ हीहि एक परीक्षा आहे. पश्चिमेकडे औएनब्रुगर नांवाच्या एका खाणावळवाल्याच्या मुलानें 1761 सालीं छातीवर बोटांनीं ठोकून रोग ओळखण्याची रीति प्रसिद्ध केली. आणि 1816 सालीं पॅरिसमध्यें लेनेक या डॉक्टरानें कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला व आपल्या कानाला लावून आजच्या स्टेथस्कोपचा पाया घातला.

मोटारसायकलीच्या मिस्त्रीचा स्टेथस्कोप म्हणजे लांब पेचकस. त्याचें टोंक इंजिनाच्या संशयित भागावर टेकवावें व मूठ कानामागच्या हाडाला लावावी. आंतला आवाज जसा कानांत येऊन बसतो. दोन ठिकाणीं टेकवून पाहिलें म्हणजे आवाज कोठें मोठा व कोठें लहान हें तत्काळ कळतें. हें करतांना मात्र धोतराचा सोगा, पदर, ओढणी हीं चेनपासून दूर ठेवावींत, तापलेल्या सायलेन्सरला हात लावूं नये, आणि गाडी बंद पडवींत किंवा माजघरांत कधींहि चालूं ठेवूं नये. कारण तिच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड हा वायु वास न येतां मनुष्याचा प्राण घेतो.

निदानाचीं पांच अंगें

माधवनिदानांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे रोगाचा हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यंत्राच्या बाबतींत हीं पांचहि उपयोगीं पडतात. पण त्यांत उपशयाइतकें उपयुक्त दुसरें नाहीं. कशानें रोग कमी होतो व कशानें वाढतो, हें पाहून त्याचें स्वरूप ठरविणें म्हणजे उपशय. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच: अमुक असतां आवाज असतो, अमुक नसतां नसतो, म्हणून अमुकाशीं त्याचा संबंध आहे.

इंजिनाला असे पांच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: आवाज इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो कीं चाकाच्या गतीबरोबर? गाडी जागेवर उभी करून अॅक्सिलरेटर दिला असतां आवाज येत नसेल व चालतांनाच येत असेल, तर दोष बहुधा इंजिनांत नाहींच. सैल किंवा कोरडी चेन, झिजलेलें स्प्रॉकेट, चाकाचें बेअरिंग, नाहींतर चेन-कव्हराला घासणारी चेन, यांपैकीं कांहीं तरी असतें. पुष्कळांनीं चेनच्या दोषापायीं इंजिन उघडविलें आहे.

दुसरा प्रश्न: थंड असतांना अधिक कीं तापल्यावर? सकाळीं पहिल्या किकला पोकळ ठक्ठक् होऊन दोन-तीन मिनिटांत विरली, तर पिस्टन सिलिंडरमध्यें किंचित् ढिला झाला आहे असें समजावें. धातु तापून फुगला कीं फट भरते व आवाज थांबतो. याच्या उलट, तापल्यावर वाढणारा जड ठोका वाईट. कारण ऑईल पातळ झालें कीं झिजलेल्या बेअरिंगमधील फट उघडी पडते.

तिसरा प्रश्न वहिनींचा: भाराखालीं येतो कीं रिकामें असतांना? चढावर, मागें माणूस व पुढें पोतें असतां, वरच्या गिअरमध्यें हळू वेगानें गाडी खेंचली असतां काचेच्या गोट्या आपटल्यासारखा खडखड आवाज आला, तर आंत मिश्रणाचा अकालीं स्फोट होत आहे. भेसळीचें पेट्रोल, पिस्टनच्या माथ्यावर सांचलेला काजळीचा थर, चुकलेलें टायमिंग, किंवा वेळीं खालचा गिअर न टाकण्याची चालविणाऱ्याची खोड, हीं त्याचीं कारणें.

चौथा प्रश्न: क्लच दाबल्यावर काय होतें? गाडी न्यूट्रलमध्यें चालूं ठेवून क्लच दाबावा. आवाज थांबला, तर दोष क्लचच्या घंगाळासारख्या बाह्य भागांत अथवा गिअरपेटीच्या बेअरिंगांत. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच सोडविणाऱ्या लहान बेअरिंगवर संशय घ्यावा. कांहींच फरक पडला नाहीं, तर दृष्टि वर, हेडकडे न्यावी.

पांचवा प्रश्न: आवाजाची लय कोणती? हा प्रश्न संगीताचा कान असलेल्यांसाठीं. चार स्ट्रोकांच्या इंजिनांत क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां झडपा उघडणाऱ्या कॅमचा एक फेरा होतो. जागेवर चालतांना क्रँक मिनिटास सुमारें 1400 फेरे घेत असेल, तर सेकंदास तेवीस फेरे झाले. पण झडपेची टकटक त्याच्या निम्मी, म्हणजे बारा-एक, पडेल. संथ लयीची हलकी टकटक वरून येत असेल तर ती टॅपेटची. द्रुत लयीचा ठोका खालून येत असेल तर तो क्रँककडचा.

कोणता आवाज सौम्य, कोणता घातक

टॅपेटची टकटक पुष्कळांना भिववते, पण ती सर्वांत निरुपद्रवी. झडप व तिचा दांडा यांच्यामध्यें थोडी फट ठेवावीच लागते, शंभर सी.सी.च्या कित्येक गाड्यांत ती 0.05 मि.मी., म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग असते. ही फट इंजिन पूर्ण थंड असतांना फीलर गेजच्या पत्तीनें मोजावयाची असते व तिचें माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावयाचें असतें. कांहीं हौशी मंडळी आवाज अजिबात बंद व्हावा म्हणून फट नाहींशी करून टाकतात. मग तापल्यावर झडप नीट मिटत नाहीं आणि जळून जाते. येथें किंचित् बोलणारी झडप निरोगी व अगदीं मुकी झडप रोगी, हें ध्यानांत असावें.

सायलेन्सरच्या जोडापाशीं फस्फस् होत असेल तर तेथील गॅस्केट बदलावी; अॅक्सिलरेटर सोडतांना फटाक्यासारखा बार होत असेल तरी आधीं तोच जोड पाहावा. गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून येणारी टिक् टिक् म्हणजे निवणाऱ्या धातूचें आकुंचन. तो रोग नव्हेच. तसेंच इंजिन पकडून ठेवणारे बोल्ट, लेगगार्ड, नंबराची पाटी हीं ढिलीं झालीं म्हणजे असा कांहीं गोंगाट करतात कीं इंजिन फुटलें असें वाटावें. म्हणून निदानापूर्वीं पाना घेऊन प्रत्येक बोल्ट तपासावा.

टायमिंग चेनची खळखळ मध्यम प्रतीची समजावी. अॅक्सिलरेटर सोडतां सोडतां, गति उतरतांना ती विशेष ऐकूं येते. चेन लांबली किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजला म्हणजे ती होते. दुर्लक्ष केल्यास चेन दांतरावरून उडी मारूं शकते, झडपांची वेळ चुकते, आणि गाडी जागच्या जागीं थांबते.

सर्वांत घातक तो खालून येणारा जड, बसका ठोका; भार दिला कीं वाढणारा, तापल्यावर आणखी वाढणारा. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोंकाचें बेअरिंग झिजल्याची ही खूण आहे. ऐकतांच इंजिन बंद करावें. ‘घरापर्यंत नेऊं’ म्हणून पुढें नेलें तर बेअरिंग चिकटून मागचें चाक धांवतां धांवतां जखडूं शकतें. आणि रॉड तुटल्यास इंजिनाचें कवच फोडून बाहेर येतो.

पाण्याचा संसर्ग

नद्यांच्या मुलखांत एक कारण अवश्य लक्षांत ठेवावें: पाणी. नाला ओलांडतांना पाणी हवेच्या वाटेनें सिलिंडरमध्यें शिरलें, तर हवेसारखें तें दबत नाहीं. वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटतो व रॉड वांकतो. म्हणून पाण्यांत बंद पडलेल्या गाडीला किक मारूं नये. ढकलून काठावर आणावी, प्लग काढावा, मग किकनें आंतलें पाणी बाहेर टाकावें, आणि ऑईल बदलल्याखेरीज इंजिन चालवूं नये. ऑईलमध्यें पाणी मिसळलें म्हणजे तें दुधाळ चहासारखें दिसूं लागतें. थंडीच्या दिवसांत झाकणाच्या आंतल्या बाजूस साईसारखा थोडा पांढुरका थर दिसतो, तो निव्वळ वाफेचा असूं शकतो. पण खालून काढलेलें सगळेंच ऑईल दुधाळ निघालें तर पाणी आंत गेलेंच. असें ऑईल बेअरिंगांचें रक्षण करीत नाहीं. त्यांच्यावर गंज चढतो व महिन्या-दोन महिन्यांनीं आवाज सुरू होतो. तेव्हां कारण विस्मरणांत गेलेलें असतें. हेतु, पूर्वरूप, रूप व संप्राप्ति यांची सांखळी ती हीच.

आमच्या गाडीची चिकित्सा याच क्रमानें झाली. आवाज उभ्या गाडींतहि येई, म्हणजे चेन-चाकांचा नव्हे. क्लचनें फरक पडेना. भाराखालीं वाढत नव्हता. अॅक्सिलरेटर सोडतांना मात्र खळखळे, आणि पेचकस लावल्यावर हेडच्या डाव्या बाजूस, जेथें या गाडीची टायमिंग चेन आहे, सर्वांत मोठा ऐकूं येई. येथवर ठीक होतें. पण पुतण्यानें तळाचा नट काढून ऑईल पातेल्यांत घेतलें तेव्हां तें करड्या, दुधाळ रंगाचें निघालें. मागील मालकाला सहज विचारतां त्यानें सांगितलें कीं एका पावसाळ्यांत गाडी नाल्यांत बंद पडली होती.

आतां प्रश्न उभा राहिला. सोमवारीं शाळेवर हजर व्हावयाचें होतें. पुतण्या म्हणाला, “काका, ऑईल बदलून हळूहळू नेतों, तिकडे गेल्यावर उघडवूं.” तरुणपणीं असेंच वाटतें. मी त्याला एवढेंच विचारलें कीं, आलापल्लीच्या पुढें गाडी थांबली तर तूं चालत जाशील हें खरें. पण पुढें कोणी रुग्ण तुझ्या मागें बसलेला असतां थांबली तर? तो कांहीं बोलला नाहीं. सोमवारीं तो एस.टी.नें गेला व गाडी मिस्त्रीकडे राहिली. इंजिन उघडलें तेव्हां टायमिंग चेन लांबलेली, टेन्शनरचा रबर झिजलेला, आणि क्रँकच्या एका बेअरिंगवर गंजाचे ठिपके आढळले. मोठें टोंक सुदैवानें शाबूत होतें. तीं तीन अंगें बदलून गाडी आठवड्यानें भामरागडास गेली.

घेतेवेळींच घ्यावयाची काळजी

जुनी गाडी पाहावयास जाल तेव्हां ती थंड असतांनाच सुरू करून दाखविण्यास सांगावें. आपण पोंचण्यापूर्वींच विकणाऱ्यानें ती तापवून ठेविली असेल तर कित्येक आवाज लपतात. इंजिनाला हात लावून पाहावा. ऊन लागलें तर पुन्हां दुसऱ्या दिवशीं सकाळीं जावें. प्रमाणाबाहेर दाट ऑईल घालून आवाज दडपण्याचीहि एक युक्ति आहे. म्हणून ऑईलची पट्टी काढून बोटांवर चोळून पाहावी. घरीं आणल्यावर पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच ऑईल घालावें. मोटारगाडीचें ऑईल मोटारसायकलींत घालूं नये. यांतील क्लच ऑईलमध्येंच बुडालेला असतो, व मोटारींच्या कांहीं ऑईलांतील निसरड्या द्रव्यांमुळें तो घसरूं लागतो.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बी.एस. 6 नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी विद्युत्-यंत्रणा आली, व दोष दाखविणारा दिवाहि आला. तो दिवा उपयुक्त खरा. पण त्याला मिश्रणाचे व विजेचे दोष समजतात, झिजलेलें बेअरिंग किंवा ढिली चेन समजत नाहीं. तेथें अजून कानच प्रमाण.

शेवटीं कागदपत्रें. चासीचा व इंजिनाचा क्रमांक आर.सी. बुकाशीं स्वतः ताडून पाहावा. विमा आपल्या नांवें करून घ्यावा. आणि गाडी एकाच राज्यांतील असेल तर चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयांत हस्तांतराची वर्दी द्यावी. गाडी निर्दोष पण कागद सदोष, हाहि एक असाध्य रोग आहे.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं वरील पांच प्रश्नांचीं उत्तरें एका चिठोऱ्यावर लिहून न्यावींत: थंडींत कीं तापल्यावर, उभी कीं चालती, रिकामी कीं भाराखालीं, क्लचनें फरक पडतो कीं नाहीं, लय संथ कीं द्रुत. ‘गाडी आवाज करते’ एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचें इंजिन उघडलें जातें. कोणता आवाज केव्हां होतो हें सांगणाऱ्याचें पुष्कळदां एका बोल्टावर भागतें. आणि चिठोरें लिहितांना जड, खालचा, भाराबरोबर वाढणारा ठोका लिहावा लागला, तर गाडी चालवीत मिस्त्रीकडे नेऊं नये; टेम्पोंत घालून न्यावी.